तगादा : सुप्याच्या बाजारापासून गिरणीच्या दारापर्यंत



या व्याख्यानमालेचे निमंत्रण हाती पडले तेव्हा आम्ही प्रथम चाचरलो. आमचे शिक्षण रात्रशाळेतले, तेही अर्धवट. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तीस वर्षे आम्ही कारखान्यांच्या दारसभा घेतल्या आणि कामगार-न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या. इतिहासावर बोलण्याचा अधिकार प्राध्यापकांचा. तथापि विषय आमच्यावर सोपवला आहे म्हटल्यावर आम्ही जो विषय ग्रंथांत भेटण्याआधी घरातच भेटला तो निवडला. हप्ता चुकला की कर्जदाराच्या दारात येऊन जो उभा राहतो, त्याचा हा इतिहास.

आरंभी एक योगायोग सांगतो. पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी घातली ती १८७५ साली. त्याच वर्षी मे महिन्याच्या १२ तारखेस, पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी, ऐन बाजाराच्या दिवशी कुणबी सावकारांच्या दुकानांवर तुटून पडले आणि त्यांनी कर्जरोख्यांची होळी केली. इकडे शहरात व्याख्याने सुरू झाली आणि तिकडे खेड्यात कागद जळू लागले. दोहोंचा परस्परसंबंध काही नव्हता असे आम्हाला वाटत असे. पुढे वाचनात आले की, त्या जाळपोळीनंतर शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याच्या अंमलबजावणीत न्यायाधीश म्हणून स्वतः रानड्यांनी काम केले. तो धागा पुढे येईलच.

परंतु सुप्याच्याही मागे जायला हवे. ‘तगादा’ हा शब्द आपल्याकडे फारसीच्या वाटेने आला, आणि पेशवाईच्या अखेरीस तो केवळ ‘पैशाची आठवण देणे’ एवढ्या सौम्य अर्थाचा नव्हता. १८१९ साली एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या तगाद्याचे वर्णन आहे. धनको बरोबरीचा किंवा वरचढ असेल तर तो ऋणकोस घराबाहेर पडू देत नसे, जेवू देत नसे, उन्हात बसवून ठेवी. प्रकरण विकोपास गेले तर डोक्यावर दगड देऊन एका पायावर उभे करण्यापर्यंत मजल जाई. उलट ऋणको बडा असामी असला तर धनको त्याच्या उंबऱ्यावर आडवा पडे, वाटेत लोळण घेई, दाराशी ओरडा करी, आणि अखेर उपाशी बसे. तो उपाशी असेतो घरधन्यानेही अन्नास शिवायचे नाही, असा अब्रूचा संकेत होता. हेच धरणे. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, स्वतः बसायला सवड नसेल तर धनको हे काम भाडोत्री माणसांकडून करवी. वसुलीची कामे बाहेरच्या माणसांकडे सोपवणे ही आजकालच्या कंपन्यांनी काढलेली टूम आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा अहवाल अवश्य पाहावा.

हा प्रसंग मोठमोठ्यांवरही येई. थोरल्या बाजीरावाने ब्रह्मेंद्रस्वामींना कर्जापायी जे गाऱ्हाणे लिहिले ते प्रसिद्धच आहे: सावकारांच्या पाया पडून पडून कपाळाची कातडी सोलून निघाली, अशा अर्थाचे. ज्याच्या घोड्यांच्या टापा उत्तरेत वाजल्या त्याची ही अवस्था, तर मग रयतेची काय कथा!

धरण्याविषयी आम्हाला एक गंमत वाटत आली आहे. आम्ही चळवळीतले लोक धरणे हे आपले हत्यार समजतो. वस्तुतः ते मूळचे सावकाराचे. पण दौलतराव शिंद्यांच्या छावणीत शिपायांनीही थकलेल्या पगारासाठी सरदारांपुढे धरणे धरल्याची वर्णने १८०९ सालच्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रांत आहेत. म्हणजे वसुलीचे हत्यार मजुरी मागणाऱ्याच्या हाती तेव्हाच आले होते. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत, दैवी कोपाची भीती घालण्याच्या गुन्ह्याचे उदाहरण म्हणून दुसऱ्याच्या दारी धरणे बसणाऱ्याचेच दिले. उंबऱ्यावरचा सावकार अशा रीतीने गुन्हेगार ठरला.

मग सावकार कुठे गेला? तो कोर्टात गेला. अर्थात तिथे त्याची अधिकच सोय झाली. पूर्वी गावात त्याला चार लोकांचे तोंड पाहावे लागे, कारण राहायचे त्याच गावात होते. आता त्याच्या हाती हुकूमनामा आला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू चांगला होता, की जुनीपुराणी कर्जे उकरली जाऊ नयेत. परिणाम असा झाला की, तीन वर्षे भरत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई आणि थकलेले व्याज मुदलात जाऊन बसे. कुणब्याला वाचता येत नसे. तो अंगठा देई. समन्स घेऊन तालुक्याच्या गावी जाण्याची त्याची छाती नसे, मग निकाल एकतर्फी लागे. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील कर्डे गावी एका सावकाराने अवघ्या दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यावर गावच्या देशमुखाचे घर पाडायला घेतले. गाव खवळले ते त्यामुळे. प्रथम बहिष्कार पडला: त्याच्या दुकानात जायचे नाही, त्याचे काम करायचे नाही. सुप्याचा दंगा हा त्यानंतरचा, आणि तो पुणे आणि नगर या दोन जिल्ह्यांत पसरला.

या दंग्यांत आम्हाला जी गोष्ट विशेष वाटते ती ही की, लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. जिथे सावकाराने रोखे मुकाट काढून दिले तिथे बहुधा त्याला धक्काही लागला नाही. निरक्षर माणसांना आपल्या गळ्याचा फास कुठे लिहिलेला आहे हे नेमके ठाऊक होते. सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता केला. पैशाच्या हुकूमनाम्याखातर शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्याचे बंद झाले, आणि न्यायाधीशाला रोख्यावरच्या आकड्याच्या मागे जाऊन मूळ रक्कम किती, व्याज किती, हे धुंडाळण्याचा अधिकार मिळाला. ‘हिशेब दाखव’ असे कायद्याने सावकाराला विचारले, ही आमच्या मते त्या शतकातली मोठी गोष्ट होय. पुढे १९२५ साली बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ नावाचा मूकपट काढला. त्यात तरुण शेतकऱ्याचे काम शांतारामबापूंनी केले होते. जमीन गमावलेला तो शेतकरी शेवटी गिरणीत मजूर होतो. तिथून पुढची हकीकत आमच्या घरची आहे.

आमचे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईस आले आणि परळच्या एका गिरणीत लागले. गिरणीत पगार महिन्याने, आणि तोही पुढच्या महिन्याच्या मध्याला हाती पडे. म्हणजे पहिल्या तारखेला कामावर चढलेल्या माणसाला पहिला पैसा दिसेपर्यंत सहा आठवडे जात. तोवर खायचे काय? खाणावळवाली उधार जेवू घाली, वाणी चोपडीवर देई, आणि नोकरी लावणारा मुकादम व्याजाने पैसे देई. १९२१-२२ साली मुंबईच्या लेबर ऑफिसने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तीत शेकडा ४७ कुटुंबे कर्जात आढळली. सर्वसाधारण व्याज रुपयाला दरमहा एक आणा. ऐकायला आणा लहान वाटतो. वर्षाला ते शेकडा ७५ होते.

मुकादमाविषयी बोलताना आम्हाला आमच्याच घरातली एक लाजिरवाणी गोष्ट सांगणे भाग आहे. आमच्या संघटनेचा एक हिरीरीचा कार्यकर्ता हंगामी कामगारांना दरमहा शेकडा दहाने पैसे देत होता. आम्हाला हे कळले होते. पण दारसभेला दोनशे माणसे आणण्याची ताकद त्याच्यात होती, आणि ती माणसे त्याची कर्जदार असल्यामुळेच येत होती, हे कळायला आम्हाला वर्ष लागले. खरे बोलायचे तर कळायला नव्हे, मान्य करायला. त्याला काढले तेव्हा सभेची गर्दी निम्म्यावर आली.

असो. मुकादमाच्याही पलीकडचा शेवटचा आसरा म्हणजे पठाण. ‘पठाणी व्याज’, ‘पठाणी वसुली’ हे शब्द मराठीत त्या काळाची खूण म्हणून राहिले आहेत. त्याचा दर पुष्कळदा रुपयाला दोन आणे असे. आजीच्या पहिल्या बाळंतपणात आजोबांनी पठाणाकडून वीस रुपये घेतले. व्याज महिना अडीच रुपये. दोन वर्षांत साठ रुपये फेडले आणि वीस देणे जसेच्या तसे उरले. पठाण कोर्टात जात नसे. तिथे फी, तारखा, आणि १९१८ पासून अवाजवी व्याजाच्या कर्जावर कात्री चालवण्याचा न्यायाधीशाला मिळालेला अधिकार. त्यापेक्षा काठी बरी. पगाराच्या दिवशी तो गिरणीच्या दाराशी उभा राही. आजोबा म्हणत, “मारलं ते विसरलो. खात्यातल्या माणसांदेखत गळपट्टी धरून मुठीतला पगार मोजून घेतला, ते काही विसरलो नाही.” आणि पगार चुकवून आजोबा मागच्या दाराने निसटले तर तो चाळीत येऊन सज्जात बसे. बोलत काही नसे. नुसता बसे. आजी चूल पेटवीत नसे; शेजारणी काय म्हणतील म्हणून दार लावूनही घेत नसे. एल्फिन्स्टनच्या अहवालातले ते उपासाचे वर्णन आम्ही वाचले तेव्हा आम्हाला आजीच्या त्या न पेटलेल्या चुलीची आठवण झाली.

पण आजोबा आणखीही एक सांगत, ते गाळले तर आम्ही अप्रामाणिक ठरू. त्या रात्री वाणी नाही म्हणाला, मुकादम नाही म्हणाला, गाववाल्यांजवळ नव्हते. पठाणाने तारण मागितले नाही, जामीन मागितला नाही, अर्ध्या रात्री वीस रुपये मोजून दिले.

१९२९ साली नेमलेल्या व्हिटले कमिशनने हिंदुस्थानभर फिरून १९३१ साली अहवाल दिला. आपले ना. म. जोशी त्याचे एक सभासद होते. बहुतेक औद्योगिक केंद्रांत दोन-तृतीयांशांहून कमी कुटुंबे कर्जात नाहीत, आणि बहुसंख्यांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे, असा त्या कमिशनचा अंदाज. पगाराच्या दिवशी दाराबाहेर दबा धरून बसणाऱ्या आणि काठीखेरीज दुसरे न्यायालय न जाणणाऱ्या सावकारांचे चित्र त्यात स्पष्ट आहे. कमिशनने सुचवले की, वसुलीसाठी कारखान्याभोवती घिरट्या घालणे हाच फौजदारी गुन्हा करावा. बंगालने १९३४ च्या कायद्याने हे प्रथम मानले. मध्यप्रांताने १९३७ साली ऋणकोंच्या संरक्षणाचा कायदा केला. १९३६ च्या वेतन-कायद्याने हजाराच्या आतल्या कारखान्यात सात तारखेपर्यंत आणि मोठ्यात दहा तारखेपर्यंत पगार देण्याचे बंधन घातले. हा कायदा पुढे २०१९ च्या वेतनसंहितेत सामावला गेला. सात तारीख राहिली. मुंबई प्रांताचा सावकारी कायदा १९४६ चा. ऋणकोचा छळ म्हणजे काय, हे त्यात फोडून सांगितले आहे: वाट अडवणे, धाकदपटशा दाखवणे, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पिच्छा पुरवणे, घराजवळ अगर कामाच्या जागेजवळ घुटमळत राहणे. ही यादी वाचताना असे वाटते की, लिहिणाऱ्याने एखाद्या पगाराच्या संध्याकाळी परळच्या नाक्यावर उभे राहून ती टिपली असावी.

मात्र या कायद्यांच्या अगोदर जे घडले ते सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९२९ च्या फेब्रुवारीत मुंबईत अफवा उठली की पठाण मुले पळवतात. त्याआधी तेल-कंपन्यांच्या संपात पठाण संपफोडे म्हणून आणले गेले होते. गिरणगावातला कर्जाचा राग जुनाच होता. जमावांनी दिसेल त्या पठाणाला धरून मारले. मार खाणारा प्रत्येक जण काही सावकार नव्हता. कोणी पहारेकरी, कोणी हमाल, आमच्यासारखाच पोटासाठी आलेला. बघता बघता त्याचा हिंदु-मुसलमान दंगा झाला आणि १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात जी एकी कमावली होती तिला तडा गेला. आमच्या चळवळीचे लोक या प्रकरणावर अफवेचा आणि मालकांचा दोष सांगून थांबतात. आम्हाला ते पुरेसे वाटत नाही. सुप्याच्या कुणब्याने कागद जाळला, कारण त्याचे देणे कागदावर होते. गिरणगावात कागदच नव्हता, म्हणून लोकांनी माणूस जाळायला घेतला. कर्जाचा हिशेब जातीशी मांडला, आणि त्यानंतरही व्याज रुपयाला दोन आणेच राहिले.

रवींद्रनाथांच्या ‘काबुलीवाला’तला रहमतही वसुलीच्याच भांडणात तुरुंगात जातो, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. शाल उधार घेणाऱ्याने देणे नाकारले आणि याने सुरी चालवली. गोष्टीत आपले मन त्याच्या लेकीच्या आठवणीकडे वळते, सुरीचा घाव खाणाऱ्याकडे वळत नाही. आम्ही त्या दोघांच्याही बाजूने विचार करून पाहिला, जमले नाही.

आता अलीकडचे थोडे. आमचा एक सभासद, औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कंत्राटी कामगार. मोटारसायकलीसाठी एका वित्तकंपनीचे कर्ज घेतले होते. दोन महिने काम बंद राहिले आणि दोन हप्ते चुकले. फोन सुरू झाले. प्रथम त्याला, मग मेहुण्याला, मग सुपरवायझरला. एके दिवशी मुलीच्या शिक्षिकेला फोन गेला. आणि सात तारखेला, पाळी सुटण्याच्या वेळी, दोन तरुण कारखान्याच्या दाराशी येऊन उभे राहिले. कायद्याने पगाराची तारीख ठरवून दिली ती कामगारासाठी, पण ती पाठ केली वसुलीवाल्यांनी!

सभासद आमच्याकडे आला तो मोटारसायकल लपवायला जागा मागायला. आम्ही म्हटले, लपवायचे काही नाही. देणे आहे ते आहे. तू चोर नाहीस आणि ते पोलीस नाहीत. रिझर्व्ह बँकेने २००८ साली बँकांना सांगितले की, वसुलीच्या माणसाजवळ ओळखपत्र, अधिकारपत्र आणि नोटिशीची प्रत हवी. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली बजावले होते की, गुंड लावून कर्जावरचे वाहन हिसकावता येत नाही, कायद्याची वाट आहे तिनेच जावे. २०२२ च्या ऑगस्टात रिझर्व्ह बँकेने वित्तकंपन्यांनाही धरून बजावले की, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन नकोत, चारचौघांत मानहानी नको, नातेवाइकांना आणि मित्रांना त्रास नको. आम्ही त्याला तीन कामे दिली. आलेल्या प्रत्येक फोनची वेळ वहीत लिहायची. कंपनीला लेखी कळवायचे की हप्ते का चुकले आणि दरमहा किती जमेल. आणि खात्याचा पुरा उतारा मागायचा, मुद्दल किती, व्याज किती, दंड किती. तिसरे काम १८७९ च्या न्यायाधीशाचे आहे, हे त्याला माहीत असण्याचे कारण नव्हते.

पुढच्या खेपेस ते दोघे आले तेव्हा दारावर आमचे आठ-दहा लोक होते. आम्ही आवाज चढवला नाही. अधिकारपत्र मागितले, एकाजवळ होते, एकाजवळ नव्हते. ज्याच्याजवळ नव्हते तो पोरगा विशी-बाविशीचा, शेजारच्याच तालुक्यातला. त्याला चहा दिला. तो म्हणाला, पगार असा नाहीच, वसुलीवर टक्का; या महिन्यात आकडा भरला नाही तर पेट्रोलही पदरचे. त्याच्या स्वतःच्या दुचाकीचे हप्ते चालू होते. आमच्यातला एक जण त्याच्यावर हात टाकायच्या बेतात होता, तो तेवढ्यावर खाली बसला.

उतारा यायला सहा आठवडे आणि तीन पत्रे लागली. मध्यंतरी कंपनीच्या तक्रार-अधिकाऱ्याला लिहिले, आणि एक महिन्यात समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ असेही त्यात घातले. उतारा आला त्यात चुकलेल्या हप्त्यांवर दंड, त्या दंडावर पुन्हा आकार, आणि ‘भेट-शुल्क’ या नावाने दाराशी येण्याची रक्कम होती. दारात उभे राहायचे आणि त्याचे भाडेही ऋणकोकडूनच घ्यायचे, असा हा प्रकार. लेखी हरकत घेतल्यावर भेट-शुल्क आणि दंडाचा बराच भाग वजा झाला. उरलेल्या रकमेचे लहान हप्ते पडले. शिक्षिकेला फोन केल्याबद्दल कंपनीने दिलगिरी व्यक्त केली नाही. फोन मात्र थांबले.

हप्ते आता संपत आले आहेत. तो सभासद दर महिन्याच्या सात तारखेला पावती आणून आम्हाला दाखवतो, गरज नसताना दाखवतो. अनोळखी नंबरचा फोन आला की अजून उचलत नाही, मुलीकडे देतो. ती आता दहावीत आहे. ती फोन कानाला लावते, आधी नाव विचारते, मग कोणत्या कंपनीतून बोलता ते विचारते, आणि वहीत वेळ लिहिते.